हॉटडॉग बंद

सोमवार, ६ जानेवारी २०२५
सकाळी ६.१०

नवी डायरी. कॉलेजला पुस्तकं पुरवणाऱ्याने दिली. दरवर्षी मिळते आणि दरवर्षी माझी बायको क्षमा तिच्यात वाण्याची यादी लिहिते. यंदा मी लिहिणार. कोणाला दाखवायला नाही, फक्त माझ्यासाठी. शिस्त म्हणून.

कारण, परवाचा रिपोर्ट. एलडीएल १८७. शुगर बॉर्डरवर.

डॉक्टर म्हणजे आमची संघमित्रा. आमच्याच बिल्डिंगमध्ये वाढली, चौथीत असताना तिला निबंध मी शिकवलेत. आता गळ्यात स्टेथोस्कोप घालून मलाच विचारते, काका, संध्याकाळी काय खाता? म्हटलं, अधूनमधून हॉटडॉग. म्हणाली, अधूनमधून म्हणजे किती? म्हटलं, प्रसंगानुसार. तिने कागदावर 'आठवड्याला ६' असं लिहिलं. आकडा कुठून काढला कळलं नाही. (रविवारी स्टॉल बंद असतो.)

निर्णय : आजपासून हॉटडॉग बंद. एकदम. एकतीस वर्षं मुलुंडच्या कॉलेजात ऑफिस सांभाळतोय, त्यातली बारा सुपरिंटेंडंट म्हणून. तीन प्रिन्सिपॉल आले आणि गेले. माझ्यापुढे एक पाव म्हणजे काय.

संध्याकाळी ७.४०

एक खाल्ला. शेवटचा. एकदम बंद केलं की शरीराला शॉक बसतो, असं कुठेतरी वाचलंय. शिवाय स्टॉलवाल्या धाकूला सांगणं भाग होतं. तेहतीस वर्षांचं गिऱ्हाईक न सांगता गायब होतं हे बरं दिसत नाही.

सांगायचं राहिलं. गर्दी होती.

मंगळवार, ७ जानेवारी

सवय सुटल्यावर आठवण राहावी म्हणून लिहून ठेवतो.

'सुगंधा हॉटडॉग', १९९२ पासून. धाकू मिलमध्ये होता. मिल गेल्यावर त्याने इथे भांडुपला, आमच्या बसस्टॉपजवळ गाडी टाकली आणि तिला बायकोचं नाव दिलं. चटणी सुगंधाबाई करतात. हॉटडॉग अमेरिकेत कसा असतो ते धाकूने पाहिलेलं नाही, मीही नाही, आणि पाहायची गरज वाटलेली नाही. लांबट पाव. चिकन सॉसेज उभं चिरून तव्यावर बटरमध्ये. वर कोबी, कांदा, लाल चटणी, मेयोनीज. आणि उतरवायच्या आधी धाकू सॉसेजवर बटरचा आणखी एक लहान तुकडा टाकून एकदा परततो. याला मी 'दुसरं बटर' म्हणतो. नीट लक्ष ठेवलं नाही तर दिसतही नाही. मी लक्ष ठेवतो.

धाकू मला घाडीसायब म्हणतो. घाडीगांवकर कोणालाच पूर्ण म्हणवत नाही. त्याचे सगळे सरकारी कागद मीच वाचून देतो, अगदी लायसन्सच्या पहिल्या अर्जापासून. ड्राफ्टिंगमध्ये या भागात माझा हात धरणारा कोणी नाही. हे मी म्हणत नाही, धाकू म्हणतो.

वर्णन लिहिता लिहिता संध्याकाळ झाली. एक खाल्ला. ताजा संदर्भ हवा होता.

गुरुवार, ९ जानेवारी

रस्ता बदलला. बसमधून उतरून मागच्या गल्लीने गेलो. चौदा मिनिटं जास्त, म्हणजे तेवढा व्यायाम. गल्ली वळत वळत धाकूच्या स्टॉलच्या पाठीमागेच निघते. इतकी वर्षं इथे राहून हे मला माहीत नव्हतं.

धाकू म्हणाला, आज ह्या बाजून, सायबानू?

एक खाल्ला. चालल्यामुळे भूक लागली होती, त्याला कोण काय करणार.

सोमवार, १३ जानेवारी

नवा उपाय. पाव नको म्हटलं, नुसतं सॉसेज द्या. मैदा शून्य. सुगंधाबाईंनी विचारलं, पोट बिघडला काय? म्हटलं, नाही, डाएट. त्यांनी सॉसेज कागदी ताटलीत दिलं आणि पाव बाजूला ठेवला.

सॉसेज संपल्यावर पाव तसाच पडलेला दिसला. अन्न टाकू नये हे आईने शिकवलंय. तव्यावर जरा बटर राहिलं होतं, त्यात धाकूने तो भाजून दिला.

गुरुवार, १६ जानेवारी

क्षमा म्हणाली, शर्टाला बटरचा वास येतोय. म्हटलं, ऑफिसात एकाचा वाढदिवस होता. म्हणाली, तुमच्या ऑफिसात महिन्याला चोवीस वाढदिवस असतात.

चोवीस. ही आणि संघमित्रा एकमेकींशी बोलतात असा संशय आहे.

शनिवार, १८ जानेवारी

आज शांतपणे विचार केला आणि प्रश्नाच्या मुळाशी गेलो. बारा दिवस स्वतःला दोष देत होतो, ते चूक होतं. माझी इच्छाशक्ती उत्तम आहे. रविवारी मी एकही हॉटडॉग खात नाही. म्हणजे दोष माझ्यात नाही, जागेत आहे. स्टॉल बसस्टॉप आणि घर यांच्या बरोबर मधे आहे. असा स्टॉल मधे असताना कोणाचंही असंच होईल.

आणि प्रश्न माझ्या एकट्याचा थोडाच आहे? शाळेतली मुलं तिथून जातात. ज्येष्ठ नागरिक जातात. त्यांचा कोणी विचार करायचा?

जागरूक नागरिक म्हणून काहीतरी करायला हवं. धाकूविरुद्ध काही नाही. धाकू माणूस सोन्यासारखा आहे. त्याने तेच दुसरीकडे करावं, जरा लांब. नाहूरला वगैरे.

रविवार, १९ जानेवारी

सकाळी सातला क्षमाची शिवणाची टेप घेऊन गेलो. स्टॉलवर ताडपत्री होती, रस्त्यावर कोणी नव्हतं. फुटपाथ मोजला. चालणाऱ्यांसाठी उरतात फक्त ब्याण्णव सेंटीमीटर. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा ब्याण्णव.

दुपारी ड्राफ्ट. आठ मुद्दे. असा ड्राफ्ट हातून बऱ्याच दिवसांनी झाला. मुद्दा ३ (फुटपाथ) तर एखाद्या जजमेंटमध्ये शोभेल. मुद्दा ५ : 'सदर विक्रेता सॉसेज एकदा लोण्यात परतून झाल्यावर, ते उतरविण्यापूर्वी त्यावर पुनश्च लोणी घालतो, सबब सदर पदार्थ नागरिकांच्या हृदयास घातक आहे.' 'पुनश्च' वर जरा थांबलो. नंतर ठेवला.

खाली सही : एक जागरूक नागरिक. माझ्या नावाने उगाच गाजावाजा नको.

सोमवार, २० जानेवारी

हाफ डे टाकून वॉर्ड ऑफिसच्या तक्रारपेटीत पाकीट टाकलं. मन हलकं झालं. हॉटडॉगचा प्रश्न आता माझ्या हातात राहिला नाही, योग्य त्या यंत्रणेकडे गेला.

परतताना एक खाल्ला. शेवटच्या दिवसांत त्यांचाही धंदा व्हायला हवा. धाकूने गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. मी त्याला कोमट तेलाचा उपाय सांगितला. त्याला खूप बरं वाटलं.

शुक्रवार, २४ जानेवारी

यंत्रणा हललेली नाही.

एक. पुरावा म्हणून.

मंगळवार, २८ जानेवारी

एक. पुरावा.

शुक्रवार, ३१ जानेवारी

दोन. आज वॉर्ड ऑफिसवर फार राग आला होता.

बुधवार, ५ फेब्रुवारी
संध्याकाळी ६.३०

हे सविस्तर लिहायला हवं.

आज शाळा-कॉलेजांची कसलीशी बैठक होती, म्हणून लवकर घरी आलो. पाचला बेल वाजली. दारात धाकू आणि सुगंधाबाई. तेहतीस वर्षांत ही माणसं आमच्याकडे कधी आली नव्हती. लिफ्ट बंद, धाकू तो गुडघा घेऊन तीन जिने चढून आला होता. आधी पाच मिनिटं नुसता बसून राहिला. क्षमाने पाणी दिलं.

मग सुगंधाबाईंनी पिशवीतून कागद काढले. वॉर्ड ऑफिसची नोटीस. सोबत तक्रारीची झेरॉक्स.

धाकू म्हणाला, सायबानू, कोणीतरी लिवून दिल्यान हा. माका वाचून दाखवा. आणि काय उत्तर लिवूचा ता तुमीच लिवा. दुसऱ्या कोणाकडे जाव?

मी वाचायला सुरुवात केली. मोठ्याने. स्वतःचा ड्राफ्ट दुसऱ्यांसमोर मोठ्याने वाचायची ही पहिलीच वेळ. वाक्यं चांगली वाहत होती. मुद्दा ४ च्या शेवटी आवाजही जरा चढला असेल. सुगंधाबाई म्हणाल्या, कोण हो हा मेलो रिकामटेकडो? बायका-पोरा नाय काय ह्येका?

म्हटलं, बाई, माणूस कसाही असो, भाषा मात्र स्वच्छ आहे.

हे बोलायला नको होतं असं आता वाटतं.

आठही मुद्दे वाचून झाल्यावर क्षमाने माझ्या हातातून कागद घेतला. मुद्दा ३ वाचला. बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, माप छान घेतलंय. आणि चहा टाकायला आत गेली.

पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं आहे. मी देतो म्हणून सांगितलं. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता. शिवाय, एवढ्या ताकदीच्या तक्रारीला उत्तर देऊ शकेल असा माणूस इथे दुसरा कोण आहे?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कॉलेजमध्ये लंच टाइमला उत्तर लिहायला घेतलं. काम कठीण आहे. तक्रार फार पक्की लिहिली आहे, कुठे फट नाही. मुद्दा १ (अस्वच्छता) खोडला. मुद्दा २ (धूर) खोडला, तिथे पुरावा जरा कच्चा होता. मुद्दा ४ खोडायला दोन तास गेले.

मुद्दा ३ वर अडलो. नियमाप्रमाणे फुटपाथ एक मीटर तरी मोकळा सुटतो, असं लिहिलं की विषय संपतो. पण माप अचूक आहे. मी ते तीनदा. ते कोणीतरी तीनदा घेतलेलं असणार.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मुद्दा ३ मान्य करून टाकला. 'तक्रारदाराने नमूद केलेले माप बरोबर असून त्याबाबत दुमत नाही.' प्रामाणिकपणाने बाकीच्या उत्तराचं वजन वाढतं. ड्राफ्टिंगचं हे जुनं तंत्र आहे.

क्षमाने वाचलं. म्हणाली, हे एवढं वाक्य काढून टाका. ती माणसं रस्त्यावर येतील. म्हटलं, तुला यातलं कळत नाही. म्हणाली, मला टेपमधलं कळतं.

वाक्य तसंच ठेवलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

स्टॉलवर उत्तर वाचून दाखवलं. धाकूला पटलं. दर मुद्द्याला मान हलवत होता. सुगंधाबाईंनी मधेच विचारलं, त्या दुसऱ्या बटराचा काय लिवलात?

वाचून दाखवलं : 'लोणी दोनदा घालणे ही सदर विक्रेत्याची परंपरागत पद्धत असून ती सर्व ग्राहकांस समान रीतीने लागू आहे.'

सुगंधाबाईंनी धाकूकडे पाहिलं. धाकूने तव्याकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला. एक गिऱ्हाईक आलं, म्हणून मीही निघालो.

उत्तराच्या भाषेने भारावले असावेत. माझ्यासाठी एक करायला तो विसरलासुद्धा. मीही आठवण केली नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी
संध्याकाळी ६

सुनावणी. कॅज्युअल लीव्ह टाकली. धाकूच्या बाजूने मी गेलो, त्याला दुसरं कोण होतं. सुगंधाबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. त्या मात्र वाटेत माझ्याशी बोलल्या नाहीत. टेन्शन असणार.

ऑफिसर बाई तरुण, पण वाचणाऱ्या. दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली. म्हणाल्या, असं मराठी हल्ली कोणी लिहीत नाही, आणि इथे एकाच फाइलमध्ये दोनदा. मला आनंद झाला. मग जरा विचार केल्यावर आनंद कमी झाला.

एकेक मुद्दा विचारत गेल्या. मुद्दा ५ आला. म्हणाल्या, हे बटर दोनदा घालता ते सगळ्यांना घालता?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. धाकूने हात वर केला. म्हणाला, नाय बाय. एकाकच.

बाई म्हणाल्या, कोणाला?

धाकू म्हणाला, जुना गिऱ्हाईक असा. तेका आवाडता म्हणून.

त्यांनी नाव विचारलं नाही. धाकूनेही सांगितलं नाही. तो भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत होता. सुगंधाबाई मात्र माझ्याकडे पाहत होत्या. सरळ. मी फाइल चाळली.

तेहतीस वर्षं मला वाटत होतं की सगळ्यांनाच मिळतं.

निकाल : सात मुद्दे रद्द. मुद्दा ३ विक्रेत्याने स्वतःच लेखी मान्य केल्यामुळे स्टॉल त्या जागेवर राहू शकत नाही. लायसन्स चालू राहील. दुसरी जागा दोन दिवसांत आखून देऊ.

आठपैकी सात मुद्दे जिंकलो. हे लक्षात घ्यायला हवं.

परत येताना तिघं एका रिक्षात. आमच्या नाक्यावर मी उतरलो, तेव्हा धाकू वाकून म्हणाला, सायबानू, बटर नको होता तर सांगूचा होता. माका कसा कळतला?

रागावून बोलला असता तर मीही काहीतरी बोललो असतो. तो खरंच विचारत होता.

सुगंधाबाई रिक्षावाल्याला म्हणाल्या, चला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

धाकूचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. उद्या जाऊन समजावून सांगेन.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सुट्टी. जमलं नाही. आज नको, वातावरण निवळू दे.

जुनी जागा रिकामी होती. जमिनीवर तेलकट चौकोन. सुट्टी असूनही मुद्दाम बसस्टॉपपर्यंत गेलो आणि तिथून घरी आठ मिनिटांत सरळ आलो. मधे कुठेही थांबलो नाही. म्हणजे माझं निदान बरोबर होतं. दोष जागेतच होता.

घरी आलो तेव्हा क्षमाने विचारलं, आता बरं वाटतंय? म्हटलं, हो. म्हणाली, चेहऱ्यावर दिसत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

नवी जागा आखली. फुटपाथची रुंदी सगळीकडे पाहिली म्हणे. या पट्ट्यात तीन मीटरहून जास्त फुटपाथ एकाच ठिकाणी आहे.

आमच्या गेटला लागून. आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली.

शनिवार, २२ फेब्रुवारी
संध्याकाळी ७

स्टॉल सुरू झाला. अभिनंदन करायला खाली उतरलो. नारळ नेला. जुने संबंध आहेत, पहिल्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आपण असावं.

पाच-सहा जण होते. नारळ धाकूच्या हातात दिला. त्याने घेतला, कपाळाला लावला, आणि तव्याच्या मागे ठेवला. गुडघा कसा आहे विचारलं. बरा आहे म्हणाला.

मग नेहमीप्रमाणे म्हटलं, एक द्या.

सुगंधाबाई म्हणाल्या, तुम्हाला नाही मिळणार.

आवाज चढवला नाही. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी मालवणीतच बोलल्या, आज बोलल्या नाहीत. अनोळखी गिऱ्हाइकांशी बोलतात तसं बोलल्या. म्हणाल्या, साहेब, आमचा माल हृदयाला घातक आहे असं तुम्ही लिहून दिलंय. लिहून देणाऱ्या माणसाला मी कसं देऊ? उद्या काही झालं तर पुन्हा लिहाल.

म्हटलं, बाई, ते कोणी लिहिलं ते कुठे सिद्ध झालंय?

म्हणाल्या, ते दुसरं बटर यांना आणि मला माहीत होतं. आणि जो खायचा त्याला. वर आमच्याकडून उत्तरही तुम्हीच लिहिलंत, आणि त्यात आमची जागा देऊन टाकलीत. माझ्या नवऱ्याला तुमच्या जिन्याने तीन मजले चढवलंत.

धाकू कांदा कापत होता. मान वर केली नाही. मी त्याच्याकडे पाहून म्हटलं, धाकू, अरे सांग ना हिला. तो म्हणाला, गाडी तिच्या नावाची असा, सायबानू.

मागचा माणूस म्हणाला, काका, घेताय की नाही? मी बाजूला झालो. त्याला मिळाला.

सोमवार, २४ फेब्रुवारी

हॉटडॉग बंद करून आज दुसरा दिवस. (रविवार धरत नाही.) काही त्रास नाही. माणसाने ठरवलं की होतं, हे मी सहा जानेवारीलाच लिहून ठेवलं होतं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

वॉचमन धोंडिराम चहा आणायला जात होता. म्हटलं, येताना एक पार्सल आण, पाहुणे आलेत. तो रिकाम्या हाताने आला. म्हणाला, बाईंनी विचारलं कोणासाठी. मी म्हटलं, घाडीसाहेबांच्या पाहुण्यांसाठी. बाई म्हणाल्या, पाहुण्यांना खाली पाठव, त्यांना गरम देते.

धोंडिरामला सोसायटीने खोटं बोलायचं ट्रेनिंग द्यायला हवं. मीटिंगमध्ये विषय घेतो.

पाचवा दिवस. मनोनिग्रह.

रविवार, २ मार्च

क्षमा म्हणाली, खाली जाऊन चुकलो म्हणा, एवढंच. म्हटलं, अशा गोष्टी तोंडी होत नाहीत, नीट मांडाव्या लागतात.

माफीपत्राचा ड्राफ्ट केला. दोन पानं. दुपारी वाचून पाहिला. पार्श्वभूमी चांगली आली आहे, शहरातल्या फुटपाथांची परिस्थिती आली आहे, माझ्या एलडीएलचा तक्ता आहे, सात मुद्दे कसे जिंकले ते आहे. माझी चूक त्यात कुठे बसत नाही. कुठेही घातली की वाक्याचा तोल जातो.

क्षमाला दाखवला. तिने वाचला आणि विचारलं, हे नक्की कोणी कोणाची माफी मागितलीय?

पुन्हा बघतो.

सोमवार, १० मार्च

नवा रिपोर्ट. एलडीएल १५६. गोळीही चालू आहे, पण गोळी सगळेच घेतात.

संघमित्रा खूश झाली. म्हणाली, काका, कमाल केलीत, कसं जमवलंत? म्हटलं, निश्चय. हसली. म्हणाली, परवा मी सुगंधाकाकूंकडे उभी होते, त्या विचारत होत्या तुमचा रिपोर्ट कसा आलाय. म्हटलं, तू तिथे काय करत होतीस? म्हणाली, मी महिन्यातून एकदा खाते. अधूनमधून म्हणजे एकदा.

दवाखान्यातून येताना स्टॉलसमोरूनच यावं लागतं. गेट एकच आहे. रिपोर्टचा कागद बाहेर, दिसेल असा धरला होता. सुगंधाबाई गिऱ्हाइकांत होत्या.

शुक्रवार, १४ मार्च

माफीपत्र आता चार पानं झालंय.

शनिवार, २२ मार्च
संध्याकाळी ६.४५

हॉटडॉग बंद करून एक महिना. डायरीचा उद्देश सफल झाला. मोजले तर पंचवीस दिवस (रविवार वगळून). कोणाच्या मदतीशिवाय. एखाद्याने आपल्या सवयीवर असा विजय मिळवला तर वर्तमानपत्रात छापून येतं.

खाली भरपूर गर्दी आहे. नव्या जागी धंदा वाढला, असं ऐकतो. त्याचं श्रेय कोणी मला देणार नाही, आणि मला नकोही. धाकूला आता स्टुलावर बसून तवा सांभाळता येतो, जागा मोठी आहे. गॅलरीतून त्याचं डोकं दिसतं. मघाशी त्याने सहज वर पाहिलं. मी हात केला. त्यालाही करायचा असावा, पण त्याच्या हातात उलथणं होतं.

क्षमा रोज पाचला खाली जाते. सुगंधाबाईंना कोबी चिरू लागते. त्या दोघींना एवढं काय बोलायचं असतं कळत नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तिने कधी हॉटडॉग खाल्ला नव्हता, मला वासाने मळमळतं म्हणायची. आता वर येताना कागदात गुंडाळून एक आणते, गॅलरीतल्या खुर्चीत बसून खाते. सावकाश. आज विचारलं, बटर दोनदा घालतात का? म्हणाली, तीनदा. मी सांगितलंय तसं.

मी म्हटलं, एक घास दे. म्हणाली, नको हो, एवढं जमवलंत, कशाला मोडता.

मुद्दा बरोबर होता.

खिडकी लावायला उठलो. क्षमा म्हणाली, राहू दे, वास येऊ दे.